ओठावरचे तापाचे फोड : लाज बाजूला ठेवून बोलूया

मृण्मयी_के

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठतो, दोन-तीन दिवसांत फुटतो, चिघळतो, मग खपली धरते आणि आठवडा-दहा दिवसांत सहसा वण न ठेवता जातो. मला हे शाळेत असल्यापासून होतं, आता माझ्या लेकीलाही होतं. त्यावर इतकी वर्षं ऐकलेल्या सल्ल्यांपैकी बरेचसे निरुपयोगी होते आणि काही चक्क त्रास वाढवणारे. लेकीला मध्यंतरी वर्गात कुणीतरी ‘हिला हर्पिस आहे’ असं मोठ्याने म्हटलं, तर खपली पडेपर्यंत पोर तोंडावर रुमाल धरून वावरत होती. म्हणून सविस्तर लिहितेय.

हे फोड उष्णतेने येत नाहीत, पोट साफ नसल्याने येत नाहीत आणि झोपेत झुरळ चाटून गेल्यानेही येत नाहीत. सर्दीशीही त्यांचा थेट संबंध नाही. हा विषाणू आहे, हर्पिस सिम्प्लेक्स, बहुतेक वेळा त्याचा पहिला प्रकार, एचएसव्ही-१. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे या वयोगटातल्या ६४ टक्के लोकांच्या शरीरात तो आहे. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो, घरातल्याच कुणीतरी घेतलेल्या पापीतून, लाळेतून. आणि विषाणू अंगात असूनही पुष्कळ जणांना जन्मभर एकही फोड येत नाही. त्यामुळे ‘मला कधी झालं नाही, म्हणजे माझ्यात नाही’ असं कुणालाच खात्रीने म्हणता येणार नाही.

लहान मुलांत पहिली लागण कधी कळतही नाही, तर कधी फार जोरात येते. ताप, सुजून लाल झालेल्या हिरड्या, तोंडभर फोड, लाळ गळणं, आणि दुखतं म्हणून मूल पाणीसुद्धा घेत नाही. ‘दात येतायत’ म्हणून याकडे दुर्लक्ष होतं. अशा वेळी अंगातलं पाणी कमी होण्याचा धोका मोठा असतो. मूल पाणी घेत नसेल, लघवी कमी झाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

त्या लागणीनंतर विषाणू चेहऱ्याच्या नसेच्या तंतूंतून वर चढतो आणि कवटीच्या तळाशी, साधारण कानाच्या पुढे आतल्या बाजूला, ट्रायजेमिनल गँग्लियन नावाच्या मज्जापेशींच्या गाठीत दडी मारून बसतो. तिथून त्याला हुसकावणारं औषध अजून निघालेलं नाही, लसही नाही. ताप आला, कडक ऊन लागलं, पाळी जवळ आली, जागरणं झाली, मनावर ताण आला, ओठाला जखम झाली, की तो जागा होतो आणि त्याच नसेने खाली येतो. म्हणून फोड बहुधा ठरलेल्या जागीच उठतो. माझा नेहमी खालच्या ओठाच्या डाव्या कडेला, लेकीचा नाकपुडीच्या खाली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोड दिसायच्या आधी काही तास, कधी पूर्ण दिवसभर, त्या जागी मुंग्या येतात, खाज सुटते, चुरचुरतं. आरशात काहीही दिसत नाही. बोट फिरवलं तर तेवढाच ठिपका किंचित ताठ आणि गरम लागतो. ज्याला वारंवार होतं त्याला ही खूण अचूक कळते, आणि जे काही करायचं ते तेव्हाच करायचं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टपोरे फोड दिसल्यावर धावपळ करून फारसं हाती लागत नाही.

तुमचे अनुभव लिहा. इथे डॉक्टर मंडळी असतील तर चुकलं तिथे दुरुस्त करा.

पिंपळपान

छान धागा. मृण्मयीताई, एक शंका. माझं वरचेवर तोंड येतं, गालाच्या आतून, जिभेच्या कडेला. तेही हेच का? आणि नागीण म्हणतात तीही हर्पिसच ना?

अनुस्वार

त्वचारोगांवर उपचार करणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून मीच उत्तर देते.

तोंड येणं वेगळं. ते व्रण तोंडाच्या आत, गालाच्या, ओठाच्या किंवा जिभेच्या मऊ भागावर येतात. मध्ये पांढरट-पिवळं आणि भोवती लाल कड. त्यात पाण्याचे फोड नसतात आणि ते एकापासून दुसऱ्याला होत नाहीत. वरचेवर येत असतील तर लोह, बी-१२, फोलेट तपासून घ्या, पण हर्पिसच्या मलमाचा त्यांना काही उपयोग नाही.

ओठांचे दोन्ही कोपरे फाटून लाल होतात तेही हर्पिस नव्हे. तिथे सतत लाळ साचून बुरशी किंवा जिवाणू वाढतात. कवळी नीट बसत नसेल तर हे हमखास होतं. आणि मुलांच्या नाका-ओठांभोवती मधाच्या रंगाची जाड खपली दिसली तर तो बहुधा जिवाणूंचा संसर्ग असतो. त्याला प्रतिजैविक लागतं. हर्पिसच्या फोडावर मात्र प्रतिजैविक मलम चोळण्यात अर्थ नाही, वरून जिवाणूंचा संसर्ग झाला असेल तरच त्याचं काम.

नागीण ही कांजिण्यांच्या विषाणूने होते. दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत आणि दोन्ही मज्जापेशींत लपतात, म्हणून गोंधळ होतो. नागीण शरीराच्या एका बाजूला पट्ट्यासारखी उठते, आणि बहुतेकांना आयुष्यात एकदाच होते. ओठावरचे फोड पुनःपुन्हा येतात.

एक मात्र कळकळीने सांगते. ओठावरचा कुठलाही व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, कडक लागत असेल, सहज रक्त येत असेल, तर ‘हर्पिसच असेल’ म्हणून थांबू नका. तो कर्करोग नाही ना, हे तपासून घेणं भाग आहे.

रानवारा

मी तर असायक्लोव्हिरचं मलम आणून ठेवतो. फोड फुटला की लावतो. शून्य फरक. हे सगळं औषध कंपन्यांचं फावण्यासाठी आहे असं माझं स्पष्ट मत झालंय.

अनुस्वार

रानवारा, तुम्ही लावता ती वेळच उशिराची आहे. हे औषध काम कसं करतं ते सांगते, म्हणजे पटेल.

असायक्लोव्हिर पेशीत शिरतं तेव्हा निष्क्रिय असतं. ते जागं करणारं एंझाइम विषाणूच तयार करतो. म्हणजे लागण झालेल्या पेशीतच औषध कामाला लागतं आणि विषाणूला आपल्या नव्या प्रती काढू देत नाही, निरोगी पेशींना ते जवळपास हात लावत नाही. ज्या शास्त्रज्ञांच्या गटातून हे औषध आलं त्यातल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, औषधं घडवण्याच्या नव्या तत्त्वांसाठी. पण औषध थांबवतं ते फक्त नव्या प्रती निघणं. ओठात विषाणू सगळ्यात वेगाने वाढतो तो पहिल्या दिवसभरात. फोड फुटला, खपली धरली, की पुढचं काम जखम भरण्याचं असतं आणि ते शरीर आपल्या गतीने करतं. तिथे मलम काय करणार?

मुंग्या आल्याबरोबर सुरू केलं, दिवसातून पाच वेळा, चार-पाच दिवस लावलं, तर त्रास साधारण अर्धा-एक दिवस आधी संपतो. मलमाचा फायदा एवढाच आहे, याहून मोठं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. वेगवेगळ्या मलमांत फार फरक नाही.

पोटातून घ्यायच्या गोळ्या जास्त प्रभावी ठरतात. मोठ्यांसाठी व्हॅलासायक्लोव्हिरचा एका दिवसाचाही कोर्स आहे, २ ग्रॅम आणि १२ तासांनी पुन्हा २ ग्रॅम. पण मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा बदलते, गरोदरपणात विचारूनच घ्यावं लागतं, म्हणून हे डॉक्टरांनी लिहून द्यायचं. ज्यांना वारंवार होतं त्यांनी आधीच भेटून चिठ्ठी घ्यावी आणि गोळ्या घरात ठेवाव्यात. रात्री मुंग्या आल्या आणि डॉक्टर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भेटले तर खरी वेळ निघून गेलेली असते. वर्षातून सहाच्या वर वेळा होत असेल तर काही महिने रोज थोड्या मात्रेत गोळी देऊन फोड येणंच कमी करता येतं. हा पर्याय कित्येकांना माहीतच नसतो.

रानवारा

हे कुणी असं समजावून सांगितलंच नव्हतं. दुकानदाराने ट्यूब हातात ठेवली, संपलं. पुढच्या वेळी मुंग्या आल्या की लगेच लावून बघतो.

सोनचाफा

मलमांचं कशाला, टूथपेस्ट लावा! फोड सुकतो, मी नेहमी हेच करते. आधी सुईने फोडून पाणी काढून टाकायचं म्हणजे लवकर जातो.

मृण्मयी_के

सोनचाफा, सुई कृपा करून बंद कर गं. त्या पाण्यातच विषाणू ठासून भरलेला असतो. फोड फोडला की तो बोटांवर, आजूबाजूच्या कातडीवर पसरतो, जखम उघडी पडून जिवाणू शिरतात आणि एरवी न राहणारा वण मागे राहतो. टूथपेस्ट, लिंबू, मीठ, स्पिरिट यांनी चुरचुरतं, आणि चुरचुरलं की ‘औषध लागू पडलं’ असं वाटतं. प्रत्यक्षात आधीच फाटलेली कातडी भाजते. खपली कोरडी होऊन तडकली की हसताना, खाताना पुन्हा रक्त येतं आणि बरं व्हायला उलट वेळ लागतो.

त्यापेक्षा खपली मऊ ठेव. साधी पेट्रोलियम जेली, स्वच्छ बोटाने किंवा कापसाच्या काडीने, डबीत तेच बोट पुन्हा न घालता. ठणका असेल तर स्वच्छ ओल्या फडक्याने थंड शेक, आणि पॅरासिटामॉल चालत असेल तर तेही.

अनुस्वार

याला जोडून. घरात पडलेलं ‘खाजेचं मलम’ लावू नका. त्यातल्या कित्येकांत स्टिरॉइड असतं. लालसरपणा आधी कमी होतो, बरं वाटतं, आणि त्याखाली विषाणू बिनधास्त वाढतो. मी पाहिलेले सगळ्यात वाईट फोड हे असं मलम लावून आलेल्यांचे असतात. आधी वाटाण्याएवढा असलेला पुंजका हनुवटीपर्यंत उतरलेला असतो.

अनामिका_७

इथे नाव न सांगता लिहिता येतं म्हणून लिहितेय. लग्नाला बरीच वर्षं झाली. अलीकडे मला पहिल्यांदाच ओठावर असे फोड आले. नवऱ्याने इंटरनेटवर वाचलं आणि मला विचारलं, ‘हे कुठून आणलंस?’ तेव्हापासून घरात अबोला आहे. माझ्याकडे काही उत्तर नाही, कारण आणण्यासारखं काही घडलेलंच नाही. रक्त तपासून हे सिद्ध करता येईल का?

अनुस्वार

ताई, तुमचं वाचून फार वाईट वाटलं. नीट वाचा आणि हवं तर यजमानांनाही वाचायला द्या.

पहिला फोड दिसला म्हणजे पहिली लागण तेव्हाच झाली असं नसतं. विषाणू बालपणी शिरलेला असू शकतो आणि वीस-तीस वर्षं गप्प बसून एखाद्या तापानंतर किंवा ताणानंतर पहिल्यांदा वर येऊ शकतो. फोडावरून तो कधी आला, कुणाकडून आला, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकणार नाही. तो यजमानांच्याच अंगात असेल, त्यांना कधी फोड आला नसेल आणि तुम्हाला तिथून मिळाला असेल, हेही तितकंच शक्य आहे. फोड नसतानाही अधूनमधून लाळेत विषाणू येतो.

रक्ततपासणीने काही सिद्ध होणार नाही. तिच्यात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रथिनं, आहेत की नाहीत एवढंच कळतं, आणि ती निम्म्याहून जास्त लोकांत असतातच. केव्हापासून, कुठून, हे कळत नाही. निदानाचीच शंका असेल तर ताज्या फोडातलं पाणी घेऊन त्यात विषाणू आहे का ते बघणारी पीसीआर तपासणी करतात, तीही बहुतेक वेळा लागत नाही. अशा तपासणीने संशय फिटत नाही, वाढतोच. त्यापेक्षा दोघं मिळून एकदा डॉक्टरांकडे जा आणि हेच प्रश्न त्यांच्यासमोर विचारा.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगायला हवी. ओठावरचा एचएसव्ही-१ मुखमैथुनातून जननेंद्रियांना होऊ शकतो. म्हणून मुंग्या येण्यापासून कातडी पूर्ण भरेपर्यंत चुंबन आणि मुखमैथुन टाळायचं. यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न येत नाही.

अनामिका_७

मनापासून आभार. आज त्यांना हे दाखवते.

दवबिंदू

माझी जाऊ बाळंत झाली आहे. बाळ तीन आठवड्यांचं आहे. सासूबाईंना वरचेवर ओठावर फोड येतात, आताही आलाय, आणि बाळाला घेऊन गालाचे पापे घेणं चालूच आहे. बोललं की ‘मी माझी चार मुलं अशीच वाढवली’ म्हणतात. मी जास्तच घाबरतेय का?

अनुस्वार

नाही. इथे घाबरायलाच हवं. बाकी सगळ्या धाग्यात मी ‘साधा आजार आहे’ म्हणतेय, पण नवजात बाळासाठी तो साधा नाही. पहिल्या चार ते सहा आठवड्यांत बाळाची प्रतिकारशक्ती या विषाणूला आवरू शकत नाही. तो यकृतात, मेंदूत पोचू शकतो आणि जिवावर बेतू शकतं. हे क्वचित घडतं, पण घडलं तर फार वेगाने.

फोड आहे तोवर सासूबाईंनी बाळाची पापी अजिबात घ्यायची नाही. फोड झाकलेला हवा, बाळाला घेण्याआधी दर वेळी साबणाने हात धुवायचे. आईला स्वतःला ओठावर फोड असेल तरी स्तनपान चालू ठेवता येतं, फक्त स्तनावर फोड असेल तर त्या बाजूने पाजायचं नाही आणि लगेच दाखवायचं. आणि बाळ मलूल झालं, दूध ओढेना, ताप आला किंवा अंग गार पडलं, कातडीवर फोड दिसले, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं. तिथे ‘घरात एकाला ओठावर हर्पिस आहे’ हे आपणहून सांगायचं. ते सांगितलं की उपचार लवकर सुरू होतात.

दवबिंदू

दाखवलं त्यांना. पहिल्यांदा रागावल्या, मग काही न बोलता उठून हात धुऊन आल्या. आता बाळाच्या डोक्यावरून नुसता हात फिरवतात.

मल्लविद्या

मी कुस्ती शिकवतो. आमच्या मुलांत हे ओठापुरतं राहत नाही. अंगाला अंग घासून मानेवर, कानाजवळ, दंडावर फोड उठतात, एकाला झालं की तालमीत भराभर पसरतं. फोड पूर्ण सुकेपर्यंत मी मॅटवर उतरू देत नाही. स्पर्धा तोंडावर असली की पालक भांडतात, तरी नाही.

अनुस्वार

अगदी योग्य करता. मुलांना गोळ्या लवकर सुरू केल्या तर खोळंबाही कमी होतो. असाच विषाणू बोटातही शिरतो, फोड हाताळून किंवा अंगठा चोखणाऱ्या मुलांना. बोटाचं टोक सुजून भयंकर ठणकतं आणि पू समजून कुणी तिथे चीर देतं. ती द्यायची नसते. ज्यांना एक्झिमा (इसब) आहे, ज्यांची केमोथेरपी चालू आहे किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आहेत, त्यांनी फोड दिसताच डॉक्टरांना कळवावं. एक्झिमाच्या कातडीवर हा झपाट्याने पसरतो.

रानवारा

दाढीचं काय? आणि दातांच्या डॉक्टरांची वेळ ठरलेली आहे, जाऊ का?

अनुस्वार

फोडावरून वस्तरा फिरवू नका, विषाणू पसरतो. दातांचं काम तातडीचं नसेल तर फोन करून वेळ पुढे घ्या, ओठ ताणला की जखम वाढते आणि उडणाऱ्या तुषारांतून दवाखान्यातल्यांनाही धोका असतो.

गिरिभ्रमर

डोंगरावर, विशेषतः बर्फात गेलो की मला ठरलेलंच. थंडीने होतं असं समजत होतो, पण ऊनच कारण असावं असं आता वाटतंय. लायसीनच्या गोळ्यांनी टळतं म्हणतात, खरं का?

अनुस्वार

थंड कोरड्या वाऱ्याने ओठ फुटतात, त्याचाही वाटा असतो. पण उंचावर अतिनील किरण तीव्र, त्यात बर्फावरून परावर्तित होऊन खालूनही लागतात, आणि ओठांना आपण काहीच लावत नाही. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचा लिप बाम दर दोन तासांनी लावा. तो तुमचा एकट्याचा, कुणाला द्यायचा नाही. लायसीनचा पुरावा कच्चा आहे. मी सुचवत नाही.

पिंपळपान

शेवटचा प्रश्न. मी लेन्स वापरते. फोड असताना घातल्या तर चालतील?

अनुस्वार

फोडाला हात लागला आणि तेच बोट डोळ्याला गेलं, हा धोका आहे, म्हणून फोड जाईपर्यंत चष्मा वापरलात तर उत्तम. लेन्स थुंकीने ओली करायची सवय असेल तर ती कायमची सोडा. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसायला लागलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. बुबुळावर हर्पिस झाला आणि पुनःपुन्हा येत राहिला तर तिथे वण पडून दृष्टी जाऊ शकते. घरातले लाली घालवणारे थेंब टाकू नका, त्यांत स्टिरॉइड असलं तर डोळ्याचं नुकसान कैक पटींनी वाढतं.

मृण्मयी_के

अनुस्वार, तुमचे आभार मानावे तेवढे थोडे. धागा लेकीला वाचायला दिला. तिने वर्गातल्या त्या मुलाला सांगण्यासाठी ६४ टक्क्यांचा आकडा वहीत लिहून घेतलाय. फोड असताना शाळेत जाऊ का, असं विचारत होती. जा म्हटलं, फक्त पाण्याची बाटली आपली आपल्यालाच.